स्तनपानाचा खर्च कोणाचा? इस्लामी विधिविचार आणि भारतीय धोरण

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गाई-म्हशींचे दूध मोजले जाते, डब्यातील दुधाची भुकटीही मोजली जाते. आईचे दूध मात्र मोजले जात नाही. ज्या वस्तूला बाजारभाव नाही ती फुकट मिळते, असा समज त्यातून नकळत रूढ होतो. वस्तुतः स्तनपानाला किंमत पडते. अंगावर पाजणाऱ्या मातेला जादा आहार लागतो, दिवस-रात्र मिळून आठ-दहा वेळा बालकाला जवळ घ्यावे लागते, आणि ती मजुरी करणारी असेल तर तेवढ्या वेळेची मजुरी बुडते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात कुटुंबातील व्यक्तींची विनावेतन देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे देत असल्याचे आढळले. ही किंमत कोणी भरावयाची, हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न होय.

दुसऱ्या बाजूला स्तनपान न होण्याचीही किंमत आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेनुसार स्तनपान जवळजवळ सार्वत्रिक झाल्यास जगात दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळू शकतात. स्तनपानाच्या अभावामुळे होणारे आर्थिक नुकसान वर्षाला सुमारे ३०२ अब्ज डॉलर, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास अर्धा टक्का असल्याचा अंदाज तेथे मांडला आहे.

'खर्च कोणाचा' हा प्रश्न ज्या प्राचीन विधिपरंपरांनी सरळ शब्दांत विचारला, त्यांत इस्लामी विधिशास्त्राचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथे स्तनपानाला 'रजाअत' म्हणतात आणि विधिग्रंथांत त्यावर स्वतंत्र प्रकरण असते. धार्मिक उपदेश एवढ्यापुरता तो विषय मर्यादित नाही. त्यात मुदत आहे, मोबदला आहे, करार आहे आणि नातेसंबंधांचे कायदेशीर परिणामही आहेत. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना हा विषय आरोग्य, व्यक्तिगत कायदा आणि सामाजिक सुरक्षा अशा तीन वेगवेगळ्या घटकांत तुकड्या-तुकड्यांनी भेटतो. ते तुकडे जोडून पाहिल्यास चित्र बरेच वेगळे दिसते.

मूळ वचने आणि मुदतीचे गणित

या विषयाचा मुख्य आधार कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील २३३ वे वचन हा आहे. त्याचा आशय असा : ज्यांना पाजण्याचा काळ पूर्ण करावयाचा असेल त्यांच्यासाठी मातांनी पूर्ण दोन वर्षे दूध पाजावे, मातेच्या अन्नवस्त्राचा भार रीतीप्रमाणे पित्याने सोसावा, कोणावरही कुवतीबाहेर ओझे पडू नये, मुलाच्या निमित्ताने मातेची पिळवणूक होऊ नये, तशी पित्याचीही होऊ नये, पिता हयात नसल्यास ही जबाबदारी वारसावर यावी. दोन वर्षांच्या आत दूध तोडावयाचे असेल तर आई-वडिलांनी परस्परसंमतीने व विचारविनिमयाने तसे करण्यास हरकत नाही. दुसऱ्या स्त्रीकडून पाजून घ्यावयाचे असेल तर तिचा ठरलेला मोबदला दिला म्हणजे तेही चालेल.

एकाच वचनात किती बाबी आल्या आहेत हे पाहण्यासारखे आहे. मुदत ठरली, खर्चाची जबाबदारी ठरली, कुवतीची मर्यादा ठरली, वारसाचे दायित्व ठरले आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यावा हेही ठरले. दूध केव्हा तोडावे याचा निर्णय एकट्या पित्याचा नाही, हा मुद्दा आजही अनेक घरांत नवा वाटेल.

पासष्टाव्या अध्यायातील सहावे वचन घटस्फोटित स्त्रीसंबंधी आहे. घटस्फोटानंतर तिने त्या पुरुषाच्या मुलाला पाजले तर तिला तिचा मोबदला द्यावा, असे तेथे सांगितले आहे. त्यासाठी वापरलेला अरबी शब्द 'अज्र' असून मजुरी या अर्थीही तोच शब्द येतो. लगेच पुढच्या वचनात संपन्नाने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि तंगीत असलेल्याने आपल्याजवळ असेल त्यातून खर्च करावा, असा नियम आहे. आजच्या भाषेत हा 'देण्याच्या क्षमतेचा' सिद्धान्त होय. करआकारणीच्या संदर्भात विद्यार्थ्यांना तो परिचित आहे.

मुदतीबाबत एक रंजक गणितही या वचनांतून निघाले. एकतिसाव्या अध्यायात दूध तोडण्याचा काळ दोन वर्षे सांगितला आहे, तर सेहेचाळिसाव्या अध्यायात गर्भधारणा व दूध तोडणे मिळून तीस महिने सांगितले आहेत. तीसमधून चोवीस वजा केले की सहा उरतात. यावरून गर्भावस्थेचा कायदेशीर किमान काळ सहा महिने, असा निष्कर्ष विधिज्ञांनी काढला. विवाहानंतर सहा महिन्यांनी जन्मलेल्या बालकाची औरसता आणि मातेची अब्रू या गणितावर अवलंबून होती. इमाम अबू हनीफा यांनी मात्र पाजण्याचा काळच तीस महिन्यांपर्यंत मानला. त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद यांनी गुरूशी मतभेद नोंदवून दोन वर्षांचाच काळ ग्राह्य धरला.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे पूरक आहारासह दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान अशी आहे. दोन्हीकडे दोन वर्षांचा आकडा येतो खरा, परंतु एकातून दुसऱ्याची सिद्धता शोधण्याचा मोह टाळलेला बरा. निव्वळ स्तनपानाची सहा महिन्यांची कल्पना विधिग्रंथांत नाही. ती आधुनिक पोषणशास्त्राची आहे.

मजुरी, करार आणि बाजारभाव

अंगावर पाजणे हे मातेचे कर्तव्य की अधिकार? या प्रश्नावर विधिपंथांत एकवाक्यता नाही. भारतातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत. त्या पंथानुसार मूल पाजणे ही मातेची नैतिक जबाबदारी आहे. परंतु न्यायालय तिच्यावर सक्ती करू शकत नाही. मूल दुसऱ्या कोणाचे दूध घेत नसेल, पाजणारी दुसरी स्त्री मिळत नसेल किंवा पित्याजवळ पैसा नसेल, तरच सक्ती लागू होते. एरवी दाई नेमणे व तिचा खर्च करणे हे पित्याचे काम.

बाराव्या शतकात मर्गीनानी यांनी रचलेल्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात याचे तपशील सापडतात. चार्ल्स हॅमिल्टन यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत ते आधारग्रंथ म्हणून वापरले गेले. त्यामुळे हा ग्रंथ भारतीय विधिइतिहासाचाही भाग आहे. त्यानुसार विवाह टिकून असेपर्यंत पत्नीला स्वतःचे मूल पाजण्याबद्दल वेगळी मजुरी मागता येत नाही, कारण तिचा निर्वाह पतीवर आहेच. घटस्फोट होऊन इद्दतीचा काळ संपला की ती मजुरी मागू शकते आणि दाई म्हणून पहिला हक्कही तिचाच. पण परकी दाई जेवढे घेईल त्याहून अधिक ती मागत असेल, तर पित्याला परकी दाई नेमण्याची मुभा आहे. म्हणजे बाजारभाव ही मातेच्या मजुरीची वरची मर्यादा झाली. मात्र त्या दाईने मातेजवळ येऊन पाजावे, कारण मुलाचा ताबा मातेकडेच राहतो. मजुरीचा वाद ताब्याच्या वादात मिसळू न देण्याची ही तरतूद वाखाणण्याजोगी आहे.

दाईच्या कराराने विधिज्ञांना एका तात्त्विक पेचातही टाकले होते. भाडेकरारात वस्तूचा उपयोग विकला जातो, खुद्द वस्तू संपत नाही; दूध तर संपते आणि ते किती संपेल हेही आधी सांगता येत नाही. तरीही गरज आणि रूढी पाहून हा करार वैध मानला गेला. ठरावीक रकमेवर तो करण्यास कोणाचाच विरोध नव्हता. केवळ अन्नवस्त्रावर दाई ठेवण्यास अबू हनीफा यांनी मान्यता दिली. त्यांच्या दोन्ही शिष्यांनी मात्र मोबदला अनिश्चित राहतो म्हणून ती नाकारली. कामाचा मोबदला आधी निश्चित असला पाहिजे, हा आग्रह आजच्या घरकामगार स्त्रियांच्या संदर्भातही ओळखीचा वाटेल.

दुधाचे नाते

रजाअतचा दुसरा परिणाम नात्यांवर होतो. जन्माने जी नाती विवाहास निषिद्ध, ती दुधानेही निषिद्ध मानली जातात. चौथ्या अध्यायातील २३ व्या वचनात दूधआई व दूधबहीण यांचा उल्लेख आहे. एका स्त्रीचे दूध प्यायलेली मुले परस्परांची दूधभावंडे होतात आणि त्यांचा आपसांत विवाह होऊ शकत नाही. या नात्याने वारसाहक्क मात्र मिळत नाही.

अरबस्थानात शहरातील मुले वाळवंटी टोळ्यांतील दायांकडे पाजावयास देण्याची प्रथा होती. प्रेषित मुहम्मद यांना बनू साद टोळीतील हलीमा यांनी पाजले होते. मोगल दरबारात हे नाते राजकारणाचे अंग बनले. अकबराची दूधआई जीजी अनगा. तिचा पती शम्सुद्दीन अतगा खान आणि मुलगा अझीझ कोका. १५६२ मध्ये अतगा खानाचा खून माहम अनगेचा मुलगा अधम खान याने केला, तेव्हा अकबराने अधम खानाला तटावरून खाली फेकण्याची शिक्षा दिली. अझीझ कोकाचा उद्दामपणा मात्र बादशहाने वर्षानुवर्षे दुधाच्या नात्याखातर सहन केला.

हे नाते किती दुधाने जडते याविषयी भारतातच तीन मते नांदतात. हनफी पंथात दोन वर्षांच्या आत एकदा जरी दूध पोटात गेले तरी नाते जडते. शाफई पंथात किमान पाच वेगवेगळ्या वेळा पाजलेले असावे लागते. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान, भटकळचे नवायत आणि केरळचे मापिला हे शाफई पंथाचे आहेत. शिया जाफरी पंथात पूर्ण एक दिवस-रात्र किंवा सलग पंधरा वेळा पाजणे आवश्यक मानतात. म्हणजे एकाच घटनेचे कायदेशीर फलित मालेगावात एक आणि दापोलीत दुसरे असू शकते. १९३७ च्या मुस्लीम व्यक्तिगत कायदा (शरीयत) लागू करण्याबाबतच्या अधिनियमाने विवाहविषयक बाबींत शरीयत लागू केली; पण कोणत्या पंथाचा नियम, हे पक्षकारावर सोडले. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाल्याने तेथील स्थिती वेगळी आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

दोन वर्षे : १९८६ चा अधिनियम

एप्रिल १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो प्रकरणी निकाल दिला आणि पुढील वर्षी मुस्लीम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) अधिनियम संमत झाला. या अधिनियमावरील चर्चा बहुतेक इद्दतीच्या काळातील पोटगीभोवती फिरते. कलम ३, पोटकलम (१), खंड (ख) कडे त्यामानाने कमी लक्ष जाते. घटस्फोटित स्त्री मुलांचा सांभाळ स्वतः करीत असेल, तर प्रत्येक मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंत वाजवी व न्याय्य तरतूद आणि निर्वाहखर्च पूर्वपतीने द्यावा, असे त्यात म्हटले आहे. दोन वर्षांचा हा आकडा स्तनपानाच्या मुदतीशी तंतोतंत जुळतो. कलमात दुधाचा शब्दही नाही, पण रजाअतची मुदत भारतीय संसदेच्या कायद्यात उतरल्याचे त्यावरून दिसते.

येथे एक गैरसमज मात्र उद्भवला. पित्याची जबाबदारी मूल दोन वर्षांचे होताच संपते, असा युक्तिवाद न्यायालयांत होऊ लागला. १९९७ च्या नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दोन वर्षांची रक्कम हा मातेचा हक्क आहे, तो मुलांच्या पालनपोषणाच्या काळात तिच्या निर्वाहासाठी आहे. मुलांचा स्वतःचा पोटगीचा हक्क त्याहून स्वतंत्र असून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली तो सज्ञान होईपर्यंत चालू राहतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मातेची मजुरी निराळी आणि मुलाचा निर्वाह निराळा, हा जो भेद विधिग्रंथांत आहे तोच येथे दुसऱ्या वाटेने प्रस्थापित झाला.

२००१ मध्ये डॅनियल लतीफी प्रकरणात घटनापीठाने १९८६ चा अधिनियम वैध ठरविला, पण वाजवी तरतूद इद्दतीच्या पुढील आयुष्यालाही पुरेल अशी असली पाहिजे, असा अर्थ लावला. १० जुलै २०२४ रोजी मोहम्मद अब्दुल समद प्रकरणात घटस्फोटित मुस्लीम स्त्रीला कलम १२५ चाही आधार घेता येतो, असा निर्णय झाला. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. परीक्षेत जुना व नवा दोन्ही क्रमांक विचारले जाऊ शकतात.

वचन एक, रीत दुसरी

धर्मग्रंथात स्तनपानाला एवढे स्थान असले तरी प्रत्यक्ष व्यवहार त्याबरहुकूम चालतो असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालकांना निव्वळ स्तनपान मिळत असल्याचे आढळले. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५४.९ टक्के होते. ही प्रगती समाधानकारक आहे. परंतु जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ वरून केवळ ४१.८ टक्क्यांवर गेले. याच काळात संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ७८.९ वरून ८८.६ टक्के झाले. प्रसूती रुग्णालयात होऊ लागली. पहिला घोट मात्र लांबतच राहिला. हे आकडे साऱ्या देशाचे, सर्व धर्मांचे आहेत. पहिले घट्ट पिवळसर चीकदूध पिळून टाकणे, मधाचे बोट चाटवणे, घुटी देणे, या रीती कोणा एका समाजाच्या नाहीत. मुसलमान कुटुंबांत नवजात बालकाच्या टाळूला चावून मऊ केलेला खजूर लावण्याची 'तहनीक' ही रीत आहे, आणि काही ठिकाणी खजुराऐवजी मध वापरतात. एक वर्षाखालील बालकाला मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून डॉक्टर त्यास मनाई करतात. तहनीकचे धार्मिक स्थान ऐच्छिक सत्कृत्याचे आहे. तिच्यासाठी दूध थांबवावे असे कोणताही विधिग्रंथ सांगत नाही.

रीत वचनावर कशी कुरघोडी करते याचे टोकाचे उदाहरण नोव्हेंबर २०१६ मध्ये केरळच्या कोझिकोडे जिल्ह्यात घडले. पाच वेळची अजान होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक दिवस, नवजात बालकाला दूध पाजू द्यावयाचे नाही असा हट्ट एका पित्याने धरला. डॉक्टर व परिचारिकांची विनवणी व्यर्थ गेली. पोलिसांनी बालन्याय अधिनियमाखाली गुन्हा नोंदवून त्याला अटक केली. मुस्लीम संघटनांनी व धर्मपंडितांनीही या वर्तनास इस्लाममध्ये आधार नाही असे जाहीरपणे सांगितले. बालकाच्या कानात अजान देण्याची प्रथा जुनी आहे. तिला काही क्षण लागतात आणि ती पाजण्याच्या आड येत नाही.

रमजानच्या उपवासाचा प्रश्नही येथेच येतो. स्वतःच्या किंवा बालकाच्या प्रकृतीला अपाय होण्याची भीती असेल तर गर्भवती व अंगावर पाजणारी स्त्री उपवास पुढे ढकलू शकते, यावर सर्व प्रमुख पंथांचे एकमत आहे. हनफी पंथात राहिलेले उपवास नंतर भरून काढले की पुरे. शाफई पंथात केवळ बालकासाठी उपवास सोडला असेल तर त्याबरोबर गरिबाला अन्नदानही करावे लागते. आशा कार्यकर्तीला ही सवलत ठाऊक असेल तर तिचे काम निम्मे हलके होते. अनेक जणी सवलत असूनही सासरच्या दडपणाखाली उपवास करतात, आणि तेथे आरोग्यपत्रकापेक्षा मोहल्ल्यातील मौलवींचा एक शब्द अधिक उपयोगी पडतो. उत्तर प्रदेशातील पोलिओ मोहिमेत हा अनुभव आलेला आहे.

मातृदुग्धपेढ्यांचा पेच

दुधाच्या नात्याचा नियम आधुनिक वैद्यकाशी जेथे थेट भिडतो ते ठिकाण म्हणजे मातृदुग्धपेढी. आशियातील पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ज्या मातांना जादा दूध येते त्यांच्याकडून ते घेऊन, ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून, गोठवून साठवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बालकांना देतात. अशा बालकांत आतड्याचा एक जीवघेणा दाह होण्याचा धोका आईच्या किंवा दात्या मातेच्या दुधाने कमी होतो. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्तनपान व्यवस्थापन केंद्रांबाबत राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये मातेच्या दुधाची विक्री करता येणार नाही, असे पुन्हा बजावले. दान चालेल, व्यापार नाही, ही भारताची भूमिका आहे.

मुस्लीम कुटुंबाची अडचण निराळी असते. दूध कोणाचे हे माहीत नसेल तर मुलाची दूधभावंडे कोण हेही कळणार नाही, आणि पुढे अजाणता निषिद्ध विवाह घडेल, अशी ती भीती आहे. १९८३ मध्ये कुवेत येथील परिसंवादात यूसुफ अल-करझावी यांनी दुग्धपेढीच्या बाजूने मत दिले. 'पाजणे' म्हणजे स्तनातून चोखणे, बाटलीतून पिणे नव्हे, आणि केवळ संशयाने निषेध उत्पन्न होत नाही, असा त्यांचा तर्क होता. डिसेंबर १९८५ मध्ये जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मात्र मुस्लीम देशांत अशा पेढ्या स्थापण्यास मनाई करणारा ठराव केला. युरोपातील फतवा परिषदेने २००४ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी त्यांना मान्यता दिली, कारण तेथील मुस्लीम मातांपुढे दुसरा पर्याय नव्हता. ढाक्यात डिसेंबर २०१९ मध्ये उभी राहिलेली पेढी कायदेशीर नोटिशीनंतर थांबली. कराचीत २०२४ मध्ये एका सरकारी बालरुग्णालयाने आधी फतवा घेऊन पेढीची घोषणा केली. काही महिन्यांत तोच फतवा बदलला आणि काम स्थगित झाले.

हनफी विधिज्ञांपुढे हा प्रश्न अगदीच नवा नव्हता. दोन स्त्रियांचे दूध एकत्र झाल्यास नाते कोणाशी, यावर 'हिदाया'त चर्चा आहे. ज्या स्त्रीचे दूध अधिक तिच्याशी, असे अबू यूसुफ म्हणतात; दोघींशी, असे मुहम्मद म्हणतात. वाटीने किंवा नळीने दिलेले दूधही बहुसंख्य विधिज्ञ 'पाजणे' यातच धरतात. म्हणून करझावी यांचा तर्क भारतातील हनफी कुटुंबाला सहसा पटत नाही. त्यापेक्षा नोंदीचा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. एकाच मातेचे दूध वेगळे ठेवावे, ते ठरावीक बालकांनाच द्यावे, आणि दोन्ही कुटुंबांची संमती असल्यास एकमेकांची माहिती लेखी द्यावी. कुवेतमध्ये दाती व बालक यांची कुटुंबे परस्परांना ठाऊक राहतील अशा पद्धतीने दुग्धदानाचा प्रयोग झाल्याची नोंद २००० मध्ये प्रसिद्ध झाली आहे. दात्याची गुप्तता हा सर्वसाधारण नियम असला, तरी अशा संमतीसाठी स्वतंत्र रकाना ठेवण्याने गुप्ततेचा भंग होत नाही. खर्च एका नोंदवहीचा आहे. त्याअभावी नकार देणारे कुटुंब भुकटीकडे वळते, आणि पहिल्या काही दिवसांत बालकाला त्याची फार मोठी किंमत मोजावी लागू शकते.

घरबसल्या मजुरी करणारी माता

भुकटीच्या प्रचाराला आळा घालण्यासाठी जागतिक आरोग्य सभेने मे १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. भारताने १९९२ मध्ये स्वतःचा कायदा केला व २००३ मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांखालील बालकांच्या कोणत्याही दुग्धपर्यायाची जाहिरात त्याने निषिद्ध ठरते. पुरवठ्याची बाजू अशी बऱ्यापैकी आवळलेली आहे. मातेच्या वेळेची बाजू मात्र ढिली आहे.

१९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमातील बारा आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या, अशीही तरतूद आहे. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. सव्वीस आठवडे म्हणजे निव्वळ स्तनपानाचे सहा महिने. हिशेब चोख आहे. पण तो मालक असलेल्या स्त्रीला लागू पडतो. विडी वळणारी, जरीकाम करणारी, यंत्रमागाच्या कांड्या भरणारी स्त्री घरात बसून नगावर मजुरी घेते. मुस्लीम स्त्री-कामगारांत अशा घरबसल्या कामाचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असल्याचे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदविले होते. तिच्या कामाला मालक दिसत नाही, मध्यस्थ दिसतो. आणि पाजण्यात गेलेला प्रत्येक तास विड्यांच्या संख्येतून वजा होतो.

तिच्यासाठी राज्यसंस्थेने जे ठरविले ते राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम ४ मध्ये आहे. गर्भवती व स्तनदा मातेला प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत अंगणवाडीतून विनामूल्य आहार आणि किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ, हा तेथे हक्क म्हणून मान्य झाला. १ जानेवारी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता मर्यादित करून रक्कम पाच हजार ठेवली. एप्रिल २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार मिळतात. मुलगा असल्यास काहीच नाही. मुलगी जन्मावी यासाठीचे प्रोत्साहन म्हणून हे समजण्यासारखे आहे, परंतु अंगावर पाजण्याच्या श्रमाचा मुलाच्या लिंगाशी काय संबंध, याचे उत्तर योजनेत मिळत नाही.

रजाअतच्या नियमांशी ताडून पाहिले तर एक विसंगती ठळकपणे पुढे येते. घटस्फोटित मुस्लीम मातेला पहिल्या दोन वर्षांची तरतूद पूर्वपतीकडून मागण्याचा हक्क १९८६ च्या अधिनियमाने दिला. विवाहित मातेचा खर्च पती करतो, या गृहीतावर तिला वेगळा मोबदला नाकारला गेला. ज्या घरात पतीची कमाई पुरत नाही म्हणूनच ती विड्या वळते, तेथे हे गृहीत कागदावर राहते. कुराणातील वचनात कुवत संपली की भार पुढच्या वारसाकडे सरकतो. भारतीय व्यवस्थेत तो सरकून राज्याकडे यावयास हवा होता. आज तिसऱ्या अपत्याच्या मातेपर्यंत अंगणवाडीतील आहार पोहोचतो. मातृवंदनेची रक्कम पोहोचत नाही.